शहाणपण आणि वेड यांच्यातील सीमारेषा: कोण आखते आणि कशासाठी?

जुना मुखत्यार (धागाकर्ता)

१८७२ च्या भारतीय करार कायद्यात बाराव्या कलमाखाली दोन छोटी उदाहरणे दिलेली आहेत. वेड्यांच्या इस्पितळात ठेवलेला एखादा रुग्ण मधूनमधून भानावर येत असेल, तर तेवढ्या काळात तो करार करू शकतो, असे पहिले उदाहरण सांगते. दुसरे असे, की एरवी ठणठणीत डोक्याचा माणूस तापात बरळत असेल, किंवा अटी समजणार नाहीत इतका प्यायलेला असेल, तर ती अवस्था टिकेपर्यंत तो करार करू शकत नाही. इस्पितळाची भिंत म्हणजे सीमारेषा नव्हे, हे कायद्याने दीडशे वर्षांपूर्वीच मान्य केले होते. आपण मात्र अजूनही ‘येरवड्याला पाठवा’, ‘ठाण्याला पाठवा’ असे म्हणताना ती भिंतच डोळ्यांपुढे ठेवतो.

माझी बहुतेक वकिली दिवाणी न्यायालयात, आणि त्यातही मृत्युपत्रांच्या वादांत गेली. अशा दाव्यात विरुद्ध पक्ष मृत व्यक्तीच्या विक्षिप्तपणाची यादीच घेऊन येतो: ते रात्री कपाटाशी बोलत, सुनेने दिलेल्या चहात औषध घातले आहे असे म्हणत, तीन तीन वेळा अंघोळ करीत. न्यायालय हे सारे ऐकून घेते आणि मग वेगळेच प्रश्न विचारते. सही करताना आपली मालमत्ता काय आहे हे त्यांना ठाऊक होते का, आपल्यावर कोणाकोणाचा हक्क पोहोचतो याची जाणीव होती का, आणि आपण काय करीत आहोत हे कळत होते का? १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा स्पष्टच सांगतो, की एरवी वेडा असलेला माणूसही मन ठिकाणावर असतानाच्या अवकाशात मृत्युपत्र करू शकतो. कपाटाशी बोलणारा माणूस घर कोणाला द्यायचे हे नीट ठरवू शकतो, आणि सर्वांशी गोड बोलणारा एखादा ते ठरवू शकत नाही.

फौजदारी कायद्यातील रेषा याहून निराळी आहे. जुन्या दंड संहितेचे कलम ८४ आता भारतीय न्याय संहितेत कलम २२ झाले आहे. कृत्य करताना मनोविकलतेमुळे त्या कृत्याचे स्वरूप, किंवा ते चुकीचे अथवा बेकायदा आहे, हे जाणण्यास जो असमर्थ होता, त्याचे कृत्य गुन्हा ठरत नाही. येथे सारा भर कृत्याच्या क्षणावर आहे. महाराष्ट्रातील एका पोलीस शिपायाने १९९४ साली आपल्या पत्नीची डोक्यात दगड घालून हत्या केली होती आणि खालच्या न्यायालयांनी त्याला दोषी धरले होते. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला या कलमाचा लाभ दिला. वडिलांना मानसिक आजार होता, स्वतः शिपायावर घटनेच्या आधीपासून स्किझोफ्रेनियाचे उपचार चालू होते, आणि घटनेनंतरच्या काही महिन्यांत त्याला पंचवीस वेळा इस्पितळात न्यावे लागले होते. हेतू म्हणून पुढे आलेली गोष्टही अगदी क्षुल्लक होती: नोकरीचा राजीनामा देण्याला पत्नीचा विरोध होता. हत्या दिवसाढवळ्या झाली आणि त्याने पळण्याचा किंवा लपवण्याचा प्रयत्न केला नाही. त्या एका क्षणी मनात काय चालले होते हे पाहण्याची सोय कोणाकडेच नसल्यामुळे न्यायालयाला आधीच्या आणि नंतरच्या खुणांवरून मधली पोकळी भरून काढावी लागली.

माझे म्हणणे असे आहे, की ‘हा माणूस वेडा आहे का’ हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या निर्णयापुरता आणि कोणत्या वेळी, एवढे जोडल्याशिवाय त्याला उत्तर देता येत नाही. वैद्यक क्षेत्रातील सदस्यांना हे कितपत पटते, हे जाणून घ्यायला आवडेल.

निशिगंध

मी मनोविकारशास्त्रात काम करते. आपला मुख्य मुद्दा मला मान्य आहे; मात्र आमच्या शाखेत रेषा ‘निर्णयापुरती’ नसते, ती त्रास आणि कार्यक्षमता यांच्या आधारे आखली जाते. एखादा अनुभव विचित्र आहे एवढ्यावरून आजार ठरत नाही.

उदाहरण देते. १९७१ साली वेल्समधील एका डॉक्टरने २९३ विधवा आणि विधुरांच्या मुलाखती प्रसिद्ध केल्या. त्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना मृत जोडीदाराच्या अस्तित्वाचा काही ना काही भास झालेला होता: कोणाला तो जवळ असल्यासारखे वाटे, कोणाला दिसे, कोणाला त्याचा आवाज ऐकू येई, काही जण त्याच्याशी बोलत. बहुतेकांनी हे पूर्वी कोणालाही सांगितले नव्हते, आणि अनेकांना त्या भासाचा आधार वाटत होता. नसलेला आवाज ऐकू येणे ही पाठ्यपुस्तकातील व्याख्येप्रमाणे भासाची घटना आहे, पण या माणसांना रुग्ण म्हणणे हास्यास्पद ठरेल. आपल्या घरांतून ‘आज पहाटे हे दाराशी उभे होते’ असे सांगणाऱ्या आजी कमी नाहीत, आणि त्यांना इस्पितळात आणावे असे कोणाला वाटत नाही, ते योग्यच आहे.

संभ्रमाच्या व्याख्येतही असेच एक कलम आहे. पुरावा दाखवूनही न ढळणारी चुकीची समजूत म्हणजे संभ्रम, परंतु ती समजूत त्या माणसाच्या समाजात सर्वसाधारणपणे मानली जात असेल, तर तिला संभ्रम म्हणायचे नाही. आषाढीला ‘माझ्याकडून चालवून घेणारा तोच आहे’ असे म्हणणारा वारकरी या व्याख्येच्या बाहेर राहतो. तोच माणूस ‘विठ्ठलाने फक्त मला निरोप दिला आहे आणि बाकीचे सगळे वारकरी पोलिसांचे हेर आहेत’ असे म्हणू लागला, तर इतर वारकऱ्यांच्याच ते आधी लक्षात येते. कोणाचे काहीतरी बिघडले आहे हे समाजाला बहुधा डॉक्टरच्या आधी कळते. आमचे काम त्यानंतरचे असते, म्हणजे काय बिघडले आहे आणि ते कशाने सुधारेल हे पाहण्याचे.

सगळ्यात अवघड रेषा दुःखाची आहे. जवळचे माणूस गेल्यावर झोप उडणे, जेवण न जाणे, जगण्यात रस न उरणे ही सारी नैराश्याचीच लक्षणे आहेत. म्हणून मनोविकारांच्या अमेरिकी वर्गीकरणाने दीर्घकाळ अलीकडच्या वियोगाला नैराश्याच्या निदानातून सूट दिलेली होती. २०१३ साली ती सूट काढून टाकली गेली आणि त्यावर बराच वाद झाला. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत ‘लांबलेला शोक’ हा स्वतंत्र विकार आला आणि प्रौढांसाठी किमान बारा महिन्यांची अट ठेवली गेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात हीच मुदत सहा महिन्यांची आहे. वर्षश्राद्धापर्यंतचा काळ वेगळा मानणाऱ्या आपल्या लोकांना बारा महिन्यांची मुदत परकी वाटणार नाही. पण अकराव्या महिन्यात जे दुःख होते ते तेराव्या महिन्यात आजार कसे होते, असे कोणी विचारले, तर माझ्याकडे एवढेच प्रामाणिक उत्तर आहे, की मदत कोणाला देऊ करायची हे ठरवण्यासाठी कोठेतरी खूण करावी लागते.

तिरकस

दोन्ही प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहेत, परंतु दोघांनीही रेषा आखणाऱ्याचा हात सद्भावनेचा आहे असे गृहीत धरले आहे. इतिहास तसे सांगत नाही. १८५१ साली अमेरिकेतील एका डॉक्टरने मालकाकडून पळून जाणाऱ्या गुलामांना एक मानसिक रोग होतो असे गंभीरपणे लिहिले आणि त्या रोगाला नावही दिले. सोव्हिएत संघात सरकारविरोधकांवर ‘मंदगती स्किझोफ्रेनिया’चे निदान करून त्यांना इस्पितळांत डांबले गेले. समलैंगिकता अमेरिकी मनोविकारांच्या यादीतून डिसेंबर १९७३ मध्ये निघाली. त्या महिन्यात कोणाच्या मेंदूत काही बदलले नव्हते, बदलले ते समितीतील बहुमत.

त्याच वर्षी रोझनहान या मानसशास्त्रज्ञाचा प्रयोग प्रसिद्ध झाला. आठ निरोगी माणसांनी ‘रिकामे’, ‘पोकळ’ असे शब्द उच्चारणारा आवाज ऐकू येतो एवढे सांगून बारा इस्पितळांत प्रवेश मिळवला. आत गेल्यावर ते नेहमीसारखे वागले, तरी त्यांना सरासरी १९ दिवस आणि एकाला ५२ दिवस ठेवून घेतले गेले. ही माणसे सोंग करीत आहेत अशी शंका डॉक्टरांना आली नाही, ती आली शेजारच्या खाटांवरील रुग्णांना. शहाणपण कोणाला ओळखता येते, हे वाचकांनीच ठरवावे.

निशिगंध

इतिहासाबद्दल आपण लिहिले आहे ते खरे आहे आणि ते आमच्या अभ्यासक्रमात असायलाच हवे. रोझनहानच्या प्रयोगावर मात्र इतका भार टाकू नये. २०१९ साली एका अमेरिकी पत्रकार महिलेने त्याची कागदपत्रे तपासून पुस्तक लिहिले. रोझनहान स्वतः त्या आठ जणांपैकी एक होता. त्याने प्रवेशाच्या वेळी, लेखात लिहिले त्यापेक्षा बरीच गंभीर लक्षणे सांगितल्याचे त्याच्या केसपेपरात निघाले. त्यांत आत्महत्येचे विचारही होते. आठांपैकी बहुतेकांचा माग तिला लागलाच नाही. आत्महत्येचे विचार सांगणाऱ्याला ठेवून न घेणारा डॉक्टर मला जास्त घाबरवतो.

आणि निरोगी माणसाने खोटे सांगून डॉक्टरला फसवले, यावरून आजारच नसतो असे सिद्ध होत नाही. पोट दुखते असे खोटे सांगून शल्यविभागातही दाखल होता येते.

वऱ्हाडी वाचक

डॉक्टर आणि न्यायालय यांच्याखेरीज आपल्या प्रांतात रेषा आखण्याची तिसरीही एक पद्धत होती, तिचा उल्लेख व्हावा म्हणून लिहितो. अमरावती जिल्ह्यातील ऋद्धिपूर येथे तेराव्या शतकात होऊन गेलेले गोविंदप्रभू हे महानुभाव पंथाच्या पंचकृष्णांपैकी (पंथ मानतो त्या पाच अवतारांपैकी) एक आणि चक्रधरस्वामींचे गुरू. त्यांच्या लीळा वाचल्या तर आजच्या कोणत्याही डॉक्टरने त्यांना तपासायला बोलावले असते. ते गावभर भटकत, कोणाच्याही घरात शिरत, जातीपातीचा विचार न करता कोठेही जेवत, मुलांसारखे खेळत, स्वतःशी काहीबाही बोलत, मध्येच चिडत. गावातील लोक त्यांना वेडे आणि पिसे म्हणत. त्याच गावातील दुसरे लोक त्यांना आई-बाप मानत आणि अडीअडचणीला त्यांच्याकडे धावत. चरित्रकाराने त्यांचे वेड लपवलेले नाही, ते जसेच्या तसे लिहून ठेवले आहे, हे मला फार मोठे वाटते.

शेगावच्या गजानन महाराजांची पहिली ओळखही उष्ट्या पत्रावळींवरील शिते वेचून खाणारा तरुण अशीच सांगितली जाते. या परंपरेत माणसाला एका बाजूला टाकण्याची घाई दिसत नाही. त्याला जेवू घालायचे आणि गावात राहू द्यायचे, निवाडा पुढे कधीतरी होईल. आधुनिक काळाने ही सवड काढून घेतली असे मला वाटते.

थोरली बहीण

मी या धाग्यावर लिहिणार नव्हते, परंतु वरचा प्रतिसाद वाचून राहवले नाही. गोविंदप्रभूंना जेवू घालणारे गाव होते. माझ्या भावाला जेवू घालणारी मी एकटी आहे. ज्या वेड्यांना कोणी संत मानले नाही, त्यांचे चरित्र कोणी लिहिले नाही, आणि गावाने दिलेल्या सवडीत त्यांच्यापैकी किती जण उपाशी किंवा साखळीत मेले हेही कोणी लिहिले नाही. तामिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या परिसरातील एका आश्रयस्थानाला ऑगस्ट २००१ मध्ये आग लागली, तेव्हा साखळ्यांनी बांधलेल्या माणसांना पळताही आले नाही आणि पंचवीसहून अधिक माणसे जळून मेली. तेथेही माणसांना श्रद्धेनेच नेऊन ठेवले होते.

भावाला स्किझोफ्रेनिया आहे. औषधे चालू असतात तेव्हा तो हिशेब माझ्यापेक्षा चांगला ठेवतो. औषध बंद केल्यावर काही आठवड्यांनी आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीत कोणीतरी विष मिसळते आहे अशी त्याची खात्री होते आणि तो रात्री गच्चीवर पहारा देऊ लागतो. त्या वेळी त्याला विचारले, तर तो आजारी नसतो; आजारी मी असते, कारण मला धोका दिसत नाही. मुखत्यारसाहेबांची निर्णयागणिक आणि वेळेगणिक बदलणारी रेषा न्यायालयात शोभत असेल. घरात रात्री दोन वाजता एकच निर्णय असतो, त्याला न्यायचे की नाही, आणि तो घेणारीला कायदाही येत नसतो आणि वैद्यकही.

एका इस्पितळात आम्हाला ‘रुग्णाची संमती नाही, आम्ही काही करू शकत नाही’ असे सांगून परत पाठवले गेले. दुसऱ्या ठिकाणी त्याला काहीही न विचारता सुई दिली गेली. दोन्ही वेळा कायद्याचेच नाव सांगण्यात आले. मला एवढेच विचारायचे आहे, की खरा कायदा काय आहे?

जुना मुखत्यार

ताई, आपल्या प्रश्नाचे उत्तर २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात आहे, आणि दोन्ही ठिकाणी आपल्याला अर्धे सांगितले गेले असे दिसते.

हा कायदा प्रत्येक प्रौढ माणूस आपल्या उपचाराविषयी निर्णय घेण्यास समर्थ आहे असे धरून चालतो. दिलेली माहिती समजते का, निर्णयाचे किंवा निर्णय न घेण्याचे परिणाम उमगतात का, आणि तो निर्णय कोणत्याही प्रकारे, अगदी खुणेनेही, सांगता येतो का, यावरून सामर्थ्य पाहायचे असते. इतरांना तो निर्णय चुकीचा वाटतो, एवढ्यावरून माणूस असमर्थ ठरत नाही. समाजाच्या नैतिक, राजकीय किंवा धार्मिक समजुतींशी न जुळणे हेही आजाराच्या निदानाचे कारण होऊ शकत नाही. तिरकस यांच्या इतिहासाचा धडा येथे कलम ३ मध्ये उतरलेला आहे. आणि त्याच कलमात असेही म्हटले आहे, की मानसिक आजाराचे निदान झाले म्हणजे माणूस मनोविकल ठरला असे नाही, ते ठरवण्याचा अधिकार सक्षम न्यायालयाचा. भारतीय न्याय संहितेच्या पहिल्या विधेयकात ‘मनोविकलता’ काढून ‘मानसिक आजार’ असा शब्द घातला होता. २०१७ च्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनाशी निगडित अवस्थाही येतात, त्यामुळे बचावाची व्याप्ती नको तितकी वाढली असती. संसदीय समितीने आक्षेप घेतल्यावर जुना शब्द परत आला.

आता आपल्या भावाविषयी. रुग्णाची संमती नसतानाही कलम ८९ खाली तीस दिवसांपर्यंत दाखल करता येते. त्यासाठी नामनिर्देशित प्रतिनिधीचा, म्हणजे रुग्णाच्या वतीने बोलण्यासाठी नेमलेल्या व्यक्तीचा, अर्ज लागतो, आणि दोन तज्ज्ञांनी, ज्यांपैकी एक मनोविकारतज्ज्ञ असला पाहिजे, स्वतंत्रपणे तपासून तीनपैकी एक गोष्ट नोंदवावी लागते: अलीकडे स्वतःला इजा करण्याचा प्रयत्न किंवा धमकी, दुसऱ्याशी हिंसक वर्तन किंवा त्याची भीती, अथवा स्वतःची काळजी घेण्याची इतकी असमर्थता की त्यातून धोका संभवतो. असे दाखल केल्याची खबर मानसिक आरोग्य आढावा मंडळाला सात दिवसांत द्यावी लागते, आणि स्त्री किंवा अल्पवयीन रुग्ण असेल तर तीन दिवसांत. म्हणजे ‘संमती नाही, काही करता येत नाही’ हे खरे नाही, आणि न विचारता वाटेल ते करता येते हेही खरे नाही.

याहून उपयोगाची गोष्ट दुसरी आहे. आपला भाऊ बरा असताना आगाऊ निर्देश लिहून ठेवू शकतो. आजार उलटल्यावर कोणते उपचार द्यावेत, कोणते देऊ नयेत, आणि प्रतिनिधी कोण असावा हे त्यात येते. तो गमावलेले सामर्थ्य परत मिळवीपर्यंत हा निर्देश लागू राहतो.

तिरकस

येथे मला खरी अडचण दिसते. बरा असलेला भाऊ लिहितो, ‘मी नाही म्हटले तरी ऐकू नका.’ गच्चीवर उभा असलेला भाऊ नाही म्हणतो. दोघेही तोच माणूस आहेत आणि दोघांनाही आपणच शहाणे आहोत याची खात्री आहे. पहिल्याचा शब्द दुसऱ्यावर बंधनकारक का मानायचा? पहिला आपल्या सोयीचा आहे म्हणून?

जुना मुखत्यार

सोयीची शंका रास्त आहे, आणि म्हणूनच कायद्याने दोन कुलुपे ठेवली आहेत. सामर्थ्य असताना घेतलेला ताजा निर्णय जुन्या निर्देशाला ओलांडून जातो, त्यामुळे जुने ‘मी’ नव्या ‘मी’ला कायमचे बांधू शकत नाही. दुसरीकडे, निर्देश मागे घेण्याची कृतीही तो करतानाच्याच पद्धतीने करावी लागते, त्यामुळे रात्री दोन वाजताच्या नकाराने तो रद्द होत नाही. त्या वेळी सामर्थ्य आहे की नाही हे बहिणीने ठरवायचे नसून तपासणाऱ्या तज्ज्ञाने ठरवायचे असते.

निशिगंध

त्या तज्ज्ञाच्या जागी अनेकदा मी असते, म्हणून सांगते. अशा वेळी मी ‘टाकीत विष आहे का’ यावर वाद घालत नाही. ‘समजा तुम्ही चुकत असाल, तर ते तुम्हाला कशावरून कळेल?’ असे विचारते. बहुतेक शहाण्या माणसांनाही या प्रश्नाचे उत्तर देताना त्रास होतो, पण ते निदान थबकतात. ज्याच्या दृष्टीने आपण चुकू शकतो ही शक्यताच उरलेली नसते, त्याच्या इतर उत्तरांकडे मी अधिक बारकाईने पाहते. याला कसोटी म्हणू नये. थबकणारे रुग्ण मी पाहिले आहेत आणि अजिबात न थबकणारे निरोगी राजकीय कार्यकर्तेही.

थोरली बहीण

सर्वांचे आभार. काल भावाला हा धागा वाचून दाखवला. सध्या तो बरा आहे. त्याने लगेच कागद घेतला आणि निर्देशाचा कच्चा मसुदा लिहिला. प्रतिनिधी म्हणून माझे नाव घातले आहे. पहिली अट अशी, की तो स्वतःशी मोठ्याने बोलतो, रात्री उशिरापर्यंत जागतो आणि कोणत्याही लग्नाला जात नाही, ही त्याची लहानपणापासूनची सवय असून त्यावरून त्याला कोणी इस्पितळात नेऊ नये. दुसरी अट अशी, की तो पाण्याच्या टाकीविषयी दोनदा बोलला तर डॉक्टरांना फोन करावा, आणि गच्चीवर गेला तर त्याच्याशी वाद न घालता न्यावे. सुईविषयी त्याने लिहिले आहे, की ती देण्याआधी तिचे नाव त्याला सांगावे, तो नको म्हणत असला तरी सांगावे.

मुखत्यारसाहेब, या शेवटच्या अटीची भाषा कायद्यात बसेल अशी करून द्याल का?